‘हुरडा आलाय, या सगळे’: यातले ‘सगळे’ म्हणजे नेमके किती?

उत्तरकसबा

शाळेपासूनचा मित्र, आता मंगळवेढ्याकडं शेती बघतो. आम्ही बाकीचे पाच: तिघं सोलापुरात, दोघं पुण्यात. ग्रुपवर त्याचा मेसेज आला: ‘हुरडा आलाय. रविवारी बघू. या सगळे.’ पुढं काही नाही. सगळ्यांनी अंगठे दाखवले आणि विषय तिथंच थांबला.

आता प्रश्न असे. रविवार हाच की पुढचा? ‘बघू’ म्हणजे ठरलंय की ठरायचंय? ‘सगळे’ म्हणजे आम्ही पाच की बायका-पोरांसकट? पैसे काढायचे का? नुसता हुरडा की पुढं जेवणही? पुण्याच्या दोघांनी मुक्काम कुठं करायचा?

विचारावं तर ‘एवढ्या चौकशा करतोय म्हणजे यायचं नाही वाटतं’ असं त्याला वाटेल. न विचारता अठरा माणसं जाऊन उभी राहिली तर वहिनींची पंचाईत. जुन्या मित्राला हे कसं विचारतात?

ढाळे_बोरं

मेसेज मोघम का आहे ते आधी बघा. तारीख त्याच्या हातात नाही. पेरणीपासून साधारण ९० ते १०० दिवसांनी ज्वारीचं कणीस हुरड्यावर येतं आणि एका तुकड्यातली कणसं हुरड्याजोगी राहतात आठ-दहा दिवस. दाणा नखानं दाबल्यावर पातळ दूध आलं तर अजून वेळ आहे. मऊ लगदा निघाला तर तयार. नख रुतेना झालं की तो तुकडा संपला. मधे ढगाळ हवा आली, थंडी कमी-जास्त झाली की दोन-चार दिवस इकडंतिकडं होतातच.

म्हणजे ‘रविवारी बघू’ यातला रविवार येणाराच. आणि ‘बघू’ त्यानं तुमच्यासाठी लिहिलेलं नाही, कणसासाठी लिहिलंय. शुक्रवारी-शनिवारी शेतात फिरून तो सांगणार. त्याच्याकडून पक्की तारीख मागाल तर तो अडकतो. तुम्हीच दोन दिवस द्या:

‘हा रविवार आणि पुढचा शनिवार मोकळा ठेवलाय. कणीस कधी जमतंय ते शुक्रवारी सांग, आम्ही निघतो.’

येणार हे पहिल्याच वाक्यात कळतं, म्हणून पुढचं विचारणं चौकशीसारखं लागत नाही. ‘पुढच्या महिन्यात येतो’ असं मात्र लिहू नका. हुरड्याच्या बाबतीत तो सरळ नकार आहे आणि शेतकऱ्याला तो लगेच कळतो.

वेळेचंही तेच. कणसं सकाळी तोडतात, तोडून ठेवली की गोडी उतरते. दिवसाचा हुरडा साधारण दहा ते एक. सोलापूर-मंगळवेढा पंचावन्नेक किलोमीटर, वर वस्तीवर जायची कच्ची वाट. साडेआठला सोलापूर सोडलं नाही तर तुम्ही पोचेपर्यंत आगटी, म्हणजे कणसं भाजायचा खड्ड्यातला विस्तव, विझत आलेली असते आणि कोणीतरी तुमच्यासाठी परत गोवऱ्या घालत बसतं.

काना_मात्रा

निम्मी उत्तरं क्रियापदातच असतात. फक्त ग्रुपवर ती पुसली जातात.

तुमचा मित्र एकेकट्याला ‘तू’ म्हणत असणार. ग्रुपवर पाच जण म्हणून ‘या’ झालं, त्यावरून बायका-पोरांचा पत्ता लागत नाही. पण एरवी ‘तू’ म्हणणारा मित्र एकट्याला फोन करून ‘या की रविवारी’ म्हणाला, तर ते ‘या’ जोडीसाठी असतं. ‘ये की’ म्हणाला तर एकट्यासाठी. जुन्या मित्रांत आदरार्थी ‘तुम्ही’ नसतंच, त्यामुळं अनेकवचन आलं की माणसं वाढली असं समजा.

बाकीचीही ऐकण्यासारखी आहेत. ‘येऊन जा’ म्हणजे चहा, फार तर पोहे, पाऊण तासात उठायचं. ‘जेवायला ये’ हे मोकळं आहे, पण ‘जेवायलाच ये’ म्हटलं तर त्या ‘च’पाशी ताट मांडलेलं असतं. ‘यायचंय’ म्हटलं की तुम्ही मोजणीत आलात, न जाणं कळवावं लागतं. ‘बघ जमतंय का’ यात सुटायची वाट ठेवलेली असते, कधी तुमच्यासाठी, कधी स्वतःसाठी. ‘एकदा बसू’ म्हणजे रात्रीचं आणि घरच्यांशिवाय, हे सोलापुरात वेगळं सांगायला नको. ‘ये की कधीतरी’ ही नुसती माया. तिला ‘येतो की’ एवढंच उत्तर. तिथं डायरी काढून तारीख मागितली की समोरचा गोंधळतो.

दिवस, वेळ आणि खाणं यांतल्या दोन गोष्टी असतील तर बोलावणं खरं धरायला हरकत नाही. तुमच्याकडं दिवस आहे आणि हुरडा आहे. गेलंच पाहिजे.

चौपाड

मेसेजवर हे सुटणार नाही. फोन करा, आणि पाच जणांतल्या एकानंच करा.

ग्रुपवर ‘फॅमिलीसह का?’ विचारलं की त्याला पाच जणांसमोर ‘हो’च म्हणावं लागतं. घरात विचारलेलं नसतं, वडिलांना सांगितलेलं नसतं, तरी ‘हो’. मग तो घरात बोलणी खातो आणि तुम्हाला वाटतं की त्यानं आनंदानं बोलावलं.

फोन कधी करायचा यालाही महत्त्व आहे. शेतीची लाइट रात्रीच्या पाळीची असेल तर तो रात्री पाणी द्यायला रानात असतो आणि सकाळी झोपतो. दुपारचं जेवण झाल्यावर, दीड-दोनच्या सुमारास, किंवा संध्याकाळी धारा काढून झाल्यावर निवांत सापडतो.

आधी रानाचं, घरच्यांचं विचारा. मग येतोय ते सांगा. मग एकच प्रश्न. एका फोनला एकच. बाकीचं तोच बोलता बोलता सांगतो. आणि तो प्रश्न असा विचारा की दोन्हीकडची उत्तरं सारखीच सोपी जातील:

‘येलालो बे रविवारी. पोरं आणू का, का या टायमाला आपणच बसायचं?’

‘बायकोला आणलं तर चालेल का?’ असं विचारलं तर नाही म्हणता येत नाही. वरच्या वाक्यात ‘आपणच बसू की’ म्हणणं त्याला जड जात नाही. एवढाच फरक, पण त्यातच सगळं आहे.

पुण्याच्या दोघांचं: मुक्कामाचा प्रश्न त्याच्यापर्यंत जाऊच देऊ नका. पुण्याहून संध्याकाळी सुटणारी हुतात्मा एक्सप्रेस रात्री दहाच्या सुमारास सोलापुरात येते. सोलापुरातल्या तिघांपैकी एकाच्या घरी झोपायचं आणि सकाळी एकाच गाडीनं निघायचं. हे त्याला आपणहून सांगा: ‘मुक्कामाचं इथं बघितलंय.’ नाहीतर तो ‘इकडंच या’ म्हणणार आणि रात्री अकराला अंथरुणं शोधणार. दिवसाच्या बोलावण्यात रात्र धरायची नसते.

होटगीरोड

राव, शाळेतला मित्र आहे, व्याही नाही. ‘किती काढायचे बोल’ म्हणा आणि मोकळे व्हा. एवढं तोलून बोलायला लागलं तर कसली मैत्री.

आगटी

@होटगीरोड, पैशाच्या बाबतीत तेवढं सरळ नाही. कोणी ‘चला’ म्हटलं की काँट्री, म्हणजे वर्गणी, ‘या’ म्हटलं की पाहुणचार. ‘चला हुरड्याला’ म्हणजे बहुतेक वेळा हुरडा केंद्र. तिथं माणशी दर असतो, जेवण त्यातच धरलेलं असतं, लहान मुलांचा दर वेगळा. तिथं ‘माणशी किती’ हे पहिलं विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. उलट न विचारल्यानं एकानंच सगळ्यांचे भरायचे आणि महिनाभर कोणी परत द्यायचे नाहीत, हे जास्त वाईट.

इथं तो ‘या’ म्हणालाय आणि रान त्याचं आहे. तिथं ‘किती काढायचे’ विचारलं की तो ‘काही नको’ म्हणणार. दुसरं तो काही म्हणूच शकत नाही. मग तुम्ही परत विचारणार, तो परत नको म्हणणार, आणि शेवटी कोणीतरी त्याच्या पोराच्या हातात पाचशेची नोट कोंबणार. हे टाळा.

पण खर्च नाही असं समजू नका. हुरड्याला तोडलेलं प्रत्येक कणीस म्हणजे गेलेली ज्वारी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, तिला भाव आहे. माणशी चार-पाच कणसं धरली तरी वीस माणसांना ऐंशी-शंभर झाली. त्यामुळं पैशाऐवजी वस्तू वाटून घ्या आणि विचारू नका, सांगा:

‘हुरडा तुझा, बाकी आमचं.’

बाकी म्हणजे काय ते नेमकं ठरवा. पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे जार, द्रोण-पत्रावळ्या, बारीक शेव, फळं, बसायला सतरंज्या. दही, ताक, गूळ, शेंगाचटणी नेऊ नका. ते सगळं वस्तीवर असतं आणि तुमच्या डब्यातल्या चटणीपेक्षा चांगलं असतं. पुण्याच्यांनी बाकरवडी आणली तर तिला कोणी नाही म्हणत नाही.

एक राहिलं. आगटीपुढं धूर खात कणसं भाजणारा, गरम कणीस चोळून देणारा माणूस बहुतेक वेळा रोजंदारीवरचा असतो. त्याला काही द्यायचं असेल तर निघताना मित्राला बाजूला घेऊन विचारा आणि त्याच्याच हातून द्या. परस्पर दिलं तर मालकाला आवडत नाही, त्या माणसालाही अवघडल्यासारखं होतं.

होटगीरोड

‘हुरडा तुझा, बाकी आमचं’ हे मान्य. बाकी वाद नाही.

जुळे_सोलापूर

वहिनींच्या बाजूनं कोणी बोलत नाहीये म्हणून लिहिते.

हुरडा रानात होतो, पण धपाटे, भाकरी, भरीत घरातून येतं. भाकरी थापणारी एकटी असेल तर एका तव्यावर तासाला पंधरा-वीस होतात, त्याहून जास्त नाही. पाच माणसं, माणशी दोन धरल्या तर दहा. अर्ध्या-पाऊण तासाचं काम. तीच सहकुटुंब अठरा झाली की तीस-पस्तीस भाकरी, म्हणजे दोन तास चुलीपुढं. आणि हे दोन तास पहाटेचे, कारण दहाला सगळ्यांना रानात असायचं असतं. म्हणून आकडा शनिवारी दुपारपर्यंत कळला पाहिजे. दोन माणसं कमी-जास्त झाली तर कोणी बोलत नाही, कडक भाकरीचा डबा प्रत्येक घरात असतोच. सहा वाढली तर घरातल्या बाईला शेजारणीला बोलवावं लागतं.

जेवण आहे का, हे विचारायचंच नाही. ‘हुरड्यावरच भागतं, वहिनींना म्हणावं वेगळा स्वयंपाक करू नका’ एवढा निरोप द्या. तरी त्या करतील. पण पुरणाऐवजी धपाट्यांवर थांबतील.

बायका येणार असतील तर विचारायच्या गोष्टी वेगळ्या आणि त्या पुरुषांनी पुरुषांना विचारून काही कळत नाही. वस्तीवर संडास-बाथरूमची सोय आहे का? कित्येकदा ‘फॅमिलीला आणा’ असं स्पष्ट न लिहिण्याचं खरं कारण हेच असतं आणि ते तो ग्रुपवर लिहू शकत नाही. तुमच्यापैकी एकीनं वहिनींना थेट फोन करावा. सोय नसेल तर त्या सरळ सांगतील. मग बायका-पोरं आधी गावातल्या घरी, हुरड्यापुरतं रानात, परत घरी, असं जमवता येतं.

लहान मुलं असतील तर विहिरीला कठडा आहे का ते विचारा. आगटीचा खड्डा वरून राखेनं झाकल्यासारखा दिसतो, आत निखारे असतात. मुलांमागं एक मोठं माणूस पूर्णवेळ लागतं, ते कोण हे घरून ठरवून निघा. तिथं जाऊन यजमानांच्या सुनेवर सोपवू नका.

आणि कॅलेंडर बघा. रविवारी एकादशी किंवा संकष्टी पडली तर उपासाच्या माणसाला हुरडा चालत नाही. मग दिवसभर बसून बोरं खायची. रविवार आहे म्हणून मटण असेल हेही धरून चालू नका. पाचांत एक जरी माळकरी किंवा लिंगायत घरातला असला तरी यजमान सगळंच शाकाहारी ठेवतो, आणि ते बरोबरच आहे.

उत्तरकसबा

ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. पाचांत एक माळकरी आहे. अजून दोन प्रश्न. एकाला बहुतेक जमणार नाही, त्यानं काय लिहायचं? तो दोन दिवस ‘बघू’ वरच आहे. आणि त्याच मित्राच्या चुलतभावानं, तो बाळीवेशीत राहतो, ‘गड्ड्याला घरी या’ म्हटलंय. (गड्डा म्हणजे आमची संक्रांतीतली सिद्धेश्वरांची यात्रा.) त्यात जेवण धरायचं का?

चौपाड

‘बघू’ला ‘बघू’ भेटला की झालं. यजमान म्हणतो बघू, पाहुणा म्हणतो बघू, आणि रविवारी सकाळी दोघंही एकमेकांच्या फोनची वाट बघतात.

ज्याला जमत नाही त्यानं स्वतः फोन करावा. निरोप दुसऱ्याकडून पाठवू नये, अंगठाही नको. पहिल्या वाक्यात ‘नाही जमत’, मग एक कारण. तीन कारणं दिली की एकही खरं वाटत नाही. आठ-दहा दिवसांत खरंच मोकळा असेल तर दुसरा वार सांगावा. नसेल तर ‘पुढच्या वेळी नक्की’ची भर घालू नये, ती सगळ्यांना पाठ असते. हे शुक्रवारपर्यंत. शनिवारी संध्याकाळनंतर नकार आला तर भाकरीचं पीठ मळायचं असतं पण ज्वारी दळून आलेली असते. राग पिठाचा नसतो, आधी का नाही सांगितलं याचा असतो.

बाळीवेस

गड्ड्याचं मी सांगतो. संक्रांतीच्या त्या दिवसांत आमच्या भागात प्रत्येक घरी गावाकडचे पाहुणे असतात. यात्रेचे नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, हिरेहब्बूंच्या वाड्यातून निघतात, सातही काठ्या जाईपर्यंत मिरवणुकीच्या वाटेवर गाडी घालता येत नाही. अशात ‘गड्ड्याला घरी या’ म्हणजे चहा-फराळ, बसायला जागा, गच्चीवरून काठ्या बघणं आणि चपला-पिशव्या ठेवायला हक्काचं घर. जेवण त्यात धरू नका. पंगत उठत-बसत असते, कोणीतरी ‘बसा की’ म्हणतंच. दोनदा म्हटलं तर बसा, एकदाच म्हटलं तर चहा घेऊन निघा.

‘भोगीला जेवायला या’ म्हणाला असता तर गोष्ट वेगळी. भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, ते ताट मोजून केलेलं असतं. तिथं गेलंच पाहिजे.

गाडी लांब लावून चालत या. ‘घराजवळ पार्किंग आहे का’ हा प्रश्न त्या दिवसांत विचारू नका, उत्तर सगळ्यांना माहीत आहे. आणि जाताना हातात तिळगुळाचा पुडा पुरे, मिठाईचे डबे त्या आठवड्यात प्रत्येक घरात पडून असतात.

काना_मात्रा

चुलतभावानं ‘या’ म्हटलंय आणि तो तुमच्या बरोबरीचा नसेल, तर ते ‘या’ आदराचं असू शकतं. मघाचा अनेकवचनाचा नियम तिथं लावू नका. जोडीनं जाऊन अर्ध्या तासात उठलात तर चूक होणार नाही.

उत्तरकसबा

आज दुपारी फोन करतोय. त्याआधी हा मेसेज टाकू का ते बघा:

‘हुरड्याचा मेसेज बघितला. येत्या रविवारी आम्ही येऊ शकतो. पोरांना आणू का आपणच? हुरडा तुझा, बाकी आमचं. पाण्याचे जार, शेव, पत्रावळ्या आणि दही घेऊन येतोय. पुण्याचे दोघं माझ्याकडं मुक्कामाला आहेत. शुक्रवारी कणीस बघून सांग.’

ढाळे_बोरं

‘येऊ शकतो’ काढा, ‘येतोय’ लिहा. ‘येऊ शकतो’ म्हणजे परत बघूच की. पुढचा शनिवारही लिहा, नाहीतर कणीस मागं राहिलं तर त्याला परत विचारावं लागेल.

जुळे_सोलापूर

पोरांचा प्रश्न मेसेजमधून काढा, तो फोनवर. आणि तुमच्या घरून वहिनींना फोन झाला का?

आगटी

दही कशाला? दोन म्हशी असतील त्याच्या दारात. त्याऐवजी सतरंज्या.